क्ष आणि य वेगळे का धरले?

१९९५ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. चाळीसगाव तालुक्यातल्या एका गावात, माध्यमिक शाळेत, मी नववीला गणित शिकवत होतो. एकसामयिक समीकरणं संपत आली होती. राहिली होती ती शाब्दिक उदाहरणं, म्हणजे जिथे पोचल्यावर निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागतो ते पान. पुस्तकात नदीच्या प्रवाहाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने जाणारी नाव होती. आमच्याकडची तितूर नदी वर्षातले कित्येक महिने कोरडी. नावेत बसलेलं एकही पोर वर्गात नव्हतं. मी स्वतःही तोवर बसलो नव्हतो, ही गोष्ट वेगळी.

म्हणून मी फळ्यावर घरचं उदाहरण लिहिलं. एका शेतकऱ्याने सोमवारी ४ पुरुष आणि ७ स्त्रिया कामाला लावल्या. त्या दिवसाची मजुरी ३३५ रुपये झाली. मंगळवारी ६ पुरुष आणि ३ स्त्रिया लावल्या. मजुरी ३१५ रुपये झाली. तर एका पुरुषाची आणि एका स्त्रीची रोजची मजुरी किती?

खिडकीबाहेरची डोकी आत वळली. निंदणीला, वेचणीला जाणाऱ्या आया निम्म्या वर्गाच्या होत्या. मी लिहिलं: समजा, पुरुषाची मजुरी क्ष रुपये, स्त्रीची मजुरी य रुपये. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं होती, पण मी क्ष आणि यवर वाढलेला माणूस.) ४क्ष + ७य = ३३५. ६क्ष + ३य = ३१५. पहिल्याला तिनाने गुणा, दुसऱ्याला दोनाने, वजाबाकी करा, क्षचा लोप. १५य = ३७५. य बरोबर २५, क्ष बरोबर ४०. ताळा केला. बरोबर.

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्गात सहसा न बोलणारी. तिनं विचारलं, "सर, क्ष आणि य वेगळे का धरले? दोघांना क्षच धरलं तर?"

शिक्षकाला असा प्रश्न वर्षातून एखादाच मिळतो. मला आनंद झाला. म्हटलं, चला, धरून बघू. सोमवारचे अकरा मजूर, ११क्ष = ३३५, क्ष आला ३० रुपये ४५ पैसे आणि वर काहीतरी. मंगळवारचे नऊ, ९क्ष = ३१५, क्ष आला ३५. एकाच क्षला दोन किमती कशा असतील? नाही ना? याला म्हणतात विसंगती. म्हणून वेगळी अक्षरं घ्यावी लागतात. समजलं? ती म्हणाली, "हो सर," आणि बसली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी हा प्रसंग कौतुकानं सांगितला. पोरगी हुशार आहे, गृहीतकालाच हात घालते, वगैरे. संध्याकाळी घरी आलो. नानांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, रोजाची वही ओसरीवरच ठेवली होती. मी तिच्यात डोकावलो आणि जेवण गोड लागलं नाही. कारण फळ्यावरचे ते आकडे मी त्याच वहीतून उचलले होते. सोमवार आमचा, मंगळवार आमचा, शेत आमचं. आणि सोमवारच्या सात बायकांत त्या मुलीची आई होती. वर्गात हे बहुतेकांना ठाऊक असणार. मला ते त्या तासाभरात आठवलंही नव्हतं.

तिनं प्रश्न बीजगणितातला विचारला होता की दुसरा, हे मी आजतागायत ठरवू शकलेलो नाही. उत्तर मात्र मी बीजगणितातलंच दिलं. गेली तीस वर्षं मी अधूनमधून त्या उत्तराशी भांडतो आहे.

शाब्दिक उदाहरण सोडवणं म्हणजे भाषांतर, असं आम्हाला शिकवण्यात आलं आणि आम्हीही तेच पुढे शिकवलं. मराठी वाक्य घ्या, त्यातून संख्या आणि नातं उचला, बाकीचं सोडा. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात भल्याभल्यांना जमत नाही. १९८१ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या १५० विद्यार्थ्यांना एकच वाक्य दिलं होतं: या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांसाठी एक अक्षर, प्राध्यापकांसाठी एक अक्षर घ्या, समीकरण लिहा. ३७ टक्के चुकले. विद्यार्थी व आणि प्राध्यापक प धरले, तर लिहायला हवं व = ६प; चुकणाऱ्यांतल्या बहुतेकांनी लिहिलं ६व = प. इंग्रजी वाक्यात आधी सहा येतात, लगेच विद्यार्थी, मग प्राध्यापक. शब्द आले तसे मुलांनी मांडले.

मराठीत ही चूक जरा कमी व्हावी. आपल्या वाक्यात 'सहापट' हा शब्द प्राध्यापकांना चिकटलेला असतो, त्यामुळे 'प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी' हे जवळपास तयार समीकरणच आहे. पण तेच वाक्य आपण बोलताना बोलतो तसं करा, 'एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी', की सहा पुन्हा विद्यार्थ्यांना जाऊन चिकटतात आणि सापळा तयार. आणि शब्दांचा क्रम हे एकच कारण नव्हतं. मुलांच्या डोळ्यांपुढे चित्र होतं: मधे एक प्राध्यापक, भोवती सहा पोरं. त्यांच्या लेखी अक्षर हे त्या माणसांचं नाव होतं. बीजगणितात अक्षर माणसाचं नाव नसतं. ते एका संख्येचं नाव असतं.

हे मी मुलांच्या डोक्यात घालण्यासाठी किती डस्टर आपटले असतील! "क्ष म्हणजे पुरुष नाही. क्ष म्हणजे पुरुषाची मजुरी. क्ष म्हणजे माणूस नाही!" वर्षानुवर्षं, दर तुकडीला, हेच वाक्य. शिकवण म्हणून आजही ते बरोबर आहे.

आणि टाकून देण्याबद्दल माझी तक्रार नाही, हेही इथेच सांगतो, नाहीतर हा लेख 'गणितानं माणूस हरवला' छापाच्या रडगाण्यात जमा होईल. नावेचा रंग, नावाड्याचं नाव, त्याची कालची झोप हे सगळं टाकल्याशिवाय नावेचा वेग सापडत नाही. शिवाय टाकण्यात एक न्यायही आहे. आमच्या गावात माणूस उंबऱ्याशी आला की आधी आडनाव विचारलं जायचं. क्षला आडनाव नसतं. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो आणि समीकरण सुटलं की सुटलं, ते कोणाच्या पोरानं सोडवलं याला अर्थ नाही. मी स्वतः गणिताकडे वळलो तो या मोकळेपणासाठी. त्या मुलीलाही गणित त्याचसाठी आवडत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

प्रश्न टाकण्याचा नाही. काय टाकलं ते आपल्याला आठवतं का, आणि उत्तर हाती आल्यावर ते घेऊन आपण परत त्या गोष्टीत जातो का, हा आहे. शाळेत आम्ही ताळा करायला लावतो, पण तो समीकरणात: ४० आणि २५ घाला, ३३५ येतात का बघा. त्यानं फक्त तुमची आकडेमोड तपासली जाते. भाषांतर चुकलं असेल तर समीकरणातला ताळा आनंदानं जुळतो, कारण तो चुकीच्याच समीकरणाशी जुळवलेला असतो. खरा ताळा मूळ मराठी वाक्यात करायला हवा. तो करायला वेळ लागतो आणि त्याला गुण नसतात.

गोष्टीत परत न जाण्याची सवय किती खोल रुजते, याचं एक प्रसिद्ध उदाहरण फ्रान्समधलं आहे. एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? कप्तानाच्या वयाची थट्टा तिकडे जुनी. कादंबरीकार फ्लोबेरनं १८४१ साली बहिणीला लिहिलेल्या पत्रात असाच प्रश्न घातला होता, त्यात जहाजाची लांबलचक माहिती देऊन शेवटी विचारलं होतं कप्तानाचं वय. १९८० च्या सुमारास ग्रेनोबलमध्ये गणित-शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्यांनी प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना हा मेंढ्या-शेळ्यांचा प्रश्न विचारला. ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांतून वय काढून दिलं. २६ अधिक १०, छत्तीस. कप्तानाला शोभेलसं वय आहे, हेही खरं.

यावर लोक हसतात. मला त्या मुलांचा राग येत नाही. शाळेनं त्यांना शिकवलेलं इतकंच होतं की गुरुजींनी प्रश्न विचारला म्हणजे त्याला उत्तर असतं, आणि ते दिलेल्या आकड्यांतच असतं. प्रश्नच चुकीचा आहे असं म्हणायची सोय परीक्षेत नसते. त्या ७६ मुलांनी गणित सोडवलंच नाही. त्यांनी एक आज्ञा पाळली.

आमच्या शाळेची सहल बहुतेक वर्षी पाटणादेवीला जायची. चाळीसगावहून जवळ, डोंगराच्या कुशीत. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या पदरचा ज्योतिषी, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. लेख १२०७ सालचा. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातला कोणता कर, कोणता हिस्सा मठाला द्यायचा याचा तपशील आहे. गणिताचा मठ चालायचा तो बाजाराच्या पैशावर, हे मुलांना सांगायला मला आवडायचं.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात अव्यक्त राशींना क्ष-य नाहीत. पहिली यावत्तावत्, म्हणजे 'जितकी असेल तितकी'. पुढच्या कालक, नीलक, पीतक, लोहितक: काळी, निळी, पिवळी, तांबडी. लिहिताना नुसतं या, का, नी, पी. मला यावत्तावत् हे नाव फार आवडतं. त्यात एक सभ्यता आहे. जितकी असेल तितकी असू दे, मी आधीच ठरवून टाकत नाही. त्यांचं एक उदाहरण मी दरवर्षी वर्गात घ्यायचो. एकाकडे सहा घोडे आणि ३०० रूपं. दुसऱ्याकडे त्याच किमतीचे दहा घोडे, पण १०० रूपांचं कर्ज. दोघांची संपत्ती सारखी. घोड्याची किंमत किती? सहा घोडे अधिक तीनशे बरोबर दहा घोडे उणे शंभर, म्हणून घोडा शंभराचा. इथे 'उणे' हे कागदावरचं नुसतं चिन्ह नाही, ते कुणाचं तरी देणं आहे. आपण आजही दोन्हींना ऋणच म्हणतो. ज्याच्या घरी सोसायटीची नोटीस आली आहे त्या पोराला ऋण संख्या समजावून सांगावी लागत नाही.

माकडांचं उदाहरण तर याहून मोलाचं. कळपातल्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून वर्ग केला तितकी माकडं गुहेत गेली, एक झाडावर चढलेलं दिसलं. तर माकडं किती? समीकरणातून दोन उत्तरं येतात, ५० आणि ५. भास्कराचार्य पाच सोडून देतात. पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन गेले तर उणे दोन, आणि उणे माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. समीकरणाला पाच चालतात. अरण्याला चालत नाहीत. ते उत्तर घेऊन परत अरण्यात गेले आणि तिथे ताळा केला.

इथवर सांगून थांबलो असतो तर सहल छान झाली असती. मी बरीच वर्षं इथेच थांबत आलो. पण लीलावतीत व्यस्त त्रैराशिकाचं प्रकरण आहे. एक वाढलं की दुसरं घटतं, तो प्रकार. त्यातलं एक उदाहरण असं: सोळा वर्षांच्या स्त्रीला ३२ निष्क किंमत येते, तर वीस वर्षांच्या स्त्रीला किती? सोळा गुणिले बत्तीस भागिले वीस. पंचवीस पूर्णांक तीन पंचमांश निष्क. लगेच जोडीला बैल: दोन वर्षं जुवाला जुंपलेल्याला चार निष्क, तर सहा वर्षं जुंपलेल्याला किती?

रीत बिनचूक आहे. ताळा जुळतो. बाई विकली जाते, वय वाढलं की तिचा भाव उतरतो, हे उदाहरणात 'दिलेलं' आहे, आणि जे दिलेलं असतं त्यावर उदाहरण प्रश्न घेत नाही. भास्कराचार्यांना साडेआठशे वर्षांनंतर दोषी धरायला मी बसलेलो नाही; बाजारात जे चालत होतं ते त्यांनी घेतलं. पण ज्या माणसानं उणे माकडांपाशी थांबून 'हे लोकांना पटणार नाही' म्हटलं, तो इथे थांबला नाही. कारण इथे लोकांना पटत होतं. परत गोष्टीत जाऊन ताळा करायचा हे माझं मघाचं म्हणणं इथे अपुरं पडतं. गोष्टच बिघडलेली असेल तर तिच्यात केलेला ताळाही जुळतो.

उदाहरण रचणारा हे बिघडवू शकतो, जाणूनबुजून. १९३० च्या दशकाच्या मध्यात जर्मनीतल्या एका शालेय गणिताच्या पुस्तकात असा प्रश्न होता: मनोरुग्णांचं इस्पितळ बांधायला ६० लाख मार्क लागले. प्रत्येकी १५,००० मार्कांची किती घरं त्या पैशात बांधता आली असती? उत्तर ४००. साधा भागाकार, चौथीतल्या मुलालाही येईल. १९४० आणि १९४१ मध्ये त्या राजवटीनं अशा इस्पितळांतल्या सत्तर हजारांवर रुग्णांना वायूनं मारलं. युद्धानंतर हार्टहाइमच्या किल्ल्यात एक दप्तर सापडलं, त्यात ७०,२७३ माणसं मेल्यामुळे दहा वर्षांत किती बटाटे, किती पाव, किती मार्क वाचतील याचा काळजीपूर्वक केलेला हिशेब होता. शाळेत शिकवलेल्या उदाहरणाचं ते उत्तर होतं, असं म्हणणं फार ओढून ताणून होणार नाही. त्या मुलांपैकी कुणी उठून 'सर, घरं आणि रोगी एकाच समीकरणात का धरले?' असं विचारलं असेल का? विचारलं असेल तर सर काय म्हणाले असतील?

माझी रोजाची वही त्या दप्तराशेजारी ठेवण्याइतका मी नाटकी नाही. दोन्हींत अंतर आहे आणि ते मोठं आहे. मला त्यातून एवढंच हवं होतं की 'समजा' हा शब्द किती निरुपद्रवी दिसतो. मराठीत तो दुहेरी आहे. समजा म्हणजे धरून चला, आणि समजा म्हणजे समजून घ्या. वर्गात आपण पहिल्या अर्थानं म्हणतो आणि मुलं दुसऱ्या अर्थानं घेतात. समजा, पुरुषाची मजुरी क्ष आणि स्त्रीची य. वर्गातल्या साठ मुलांनी ते समजून घेतलं: पुरुषाची वेगळी असते, स्त्रीची वेगळी असते. समीकरण मांडायच्या आधीच, त्या पहिल्या ओळीत, सगळं ठरून गेलं होतं. नंतर उरली ती फक्त आकडेमोड.

(आकडे निवडणारा माणूस उलटही करू शकतो. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात भरतकामाचं एक उदाहरण होतं: २ स्त्रिया आणि ५ पुरुष मिळून ४ दिवसांत पुरं करतात, ३ स्त्रिया आणि ६ पुरुष ३ दिवसांत. सोडवलं की एकटी स्त्री १८ दिवसांत करते, एकटा पुरुष ३६. बसवणाऱ्यानं गंमत म्हणून बसवलं की मुद्दाम, पण मला ते वाचून बरं वाटलं. मजुरी किती मिळाली ते मात्र त्यातही विचारलेलं नाही.)

आता त्या मुलीचं तिसरं समीकरण नीट पाहू. तिनं सुचवलं होतं क्ष = य. मी म्हटलं विसंगत. बरोबर आहे, पण विसंगत म्हणजे काय? तीन समीकरणं आहेत. सोमवारचं, मंगळवारचं आणि तिचं. बीजगणित इतकंच सांगतं की ही तिन्ही एका वेळी खरी असू शकत नाहीत. तिघांपैकी कोणतं खोडायचं, यावर बीजगणित अवाक्षर काढत नाही. मी तिचं खोडलं. का? तर पहिली दोन आधी फळ्यावर होती म्हणून. ती 'दिलेली' होती म्हणून. वहीत लिहिलेली होती म्हणून.

वहीत लिहिलेलं नसलं तरी तिचं समीकरणही कुठेतरी लिहिलेलं होतं. १९७६ सालचा समान वेतन कायदा सांगत होता की सारख्या कामाला बाई-पुरुषाला सारखं वेतन. मला तो ठाऊक होता. स्पर्धा परीक्षांच्या नादात मी असले कायदे सालांसकट पाठ केले होते. रोजगार हमीच्या कामावर मोजमापानं पैसे मिळत, खोदलेल्या मातीचा दर बाईला एक आणि पुरुषाला एक असा नव्हता. आमच्याच गावातल्या बायका दुष्काळात त्या कामावर जाऊन आल्या होत्या. म्हणजे क्ष = य ही त्या मुलीची कल्पना नव्हती. एका अर्थी तेही दिलेलंच होतं, फक्त आमच्या शेताच्या बांधाबाहेर.

दोनतीन दिवसांनी मी नानांपाशी विषय काढला. नाना वाईट माणूस नव्हे. ते म्हणाले, "गावाचा दर आहे. मी एकट्यानं बाईला चाळीस दिले तर उद्या सगळं गाव माझ्या दारात येईल. आणि पुरुष औत हाकतो, फवारणीचा पंप पाठीवर घेतो." मी म्हटलं, मंगळवारी तर सगळेच निंदणीला होते. सहा पुरुष, तीन बायका, एकाच ओळीत. नाना हसले. "पुरुष निंदायला बसला म्हणून त्याला पंचवीस देऊ? तो उठून जाईल." मग जरा थांबून म्हणाले, "तू मास्तर आहेस. कापसाचा भाव किती येईल ते सांग, मग मी मजुरी सांगतो." त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याही समीकरणात एक अव्यक्त होती आणि ती त्यांच्या हातात नव्हती. माझं बी.एड. ही याच शेतातून, याच दरानं झालेलं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला आठवलं.

आता शेत पुतण्या बघतो. वही गेली, हिशेब फोनवर असतो. मागच्या हंगामात सहज विचारलं, रोज काय चाललाय? पुरुषाला ४००, बाईला २५०, तो म्हणाला. तीस वर्षांत दोन्हीकडे एकेक शून्य वाढलं. गुणोत्तर आठास पाच होतं तिथेच आहे.

ती मुलगी नववीला गणितात वर्गात पहिली आली. दहावीनंतर तिचं लग्न झालं, ती नाशिककडे गेली एवढं कळलं. माझ्या 'समजलं?'ला 'हो सर' म्हणताना तिचा चेहरा कसा होता ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. आठवत नाही. मी फळ्याकडे तोंड करून होतो.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही, ती सांगतो. नानांशी बोलणं झालं त्या रात्री मी वही घेऊन बसलो आणि एक उदाहरण सोडवलं, जे फळ्यावर घालता आलं असतं आणि ज्याला बीजगणित लागतही नाही. सोमवारी सातही बायकांना चाळीस दिले असते तर किती जास्त लागले असते? सात गुणिले पंधरा. एकशे पाच रुपये. मग पानं उलटत गेलो आणि मागच्या पूर्ण हंगामातले बायकांचे रोज मोजले. २१२ भरले. गुणिले पंधरा, ३,१८० रुपये. माझ्या तेव्हाच्या एका महिन्याच्या पगाराहून कमी. नानांना गावाची भीती होती आणि कापसाच्या भावाची. मला दोन्ही नव्हत्या. मला दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पगार होत होता.

पुन्हा एकदा रोज मोजले. २१२ च आले. वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं केलेला गुणाकार खोडरबरानं पुसला आणि वही जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी नववीला पुढचं उदाहरण घातलं: ५ पेनं आणि ८ पेन्सिली मिळून किंमत इतकी, ३ पेनं आणि ४ पेन्सिली मिळून किंमत इतकी. समजा, एका पेनाची किंमत क्ष.